पानपिंपरीच्या मळ्यात

वऱ्हाड म्हटलं की डोळ्यांसमोर कपाशी येते, तूर येते, सोयाबीन येतं आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर चढणारा पारा येतो. याच वऱ्हाडात सातपुड्याच्या पायथ्याला एक पीक असं आहे की त्याला सावली लागते, हवेत ओल लागते आणि मुळाशी सतत पाणी लागतं. केरळात किंवा आसामात शोभावं असं हे पीक. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या तालुक्यांत त्याला पानपिंपरी म्हणतात. आयुर्वेदात तीच पिप्पली, दुकानात लेंडी पिंपळी. मिरची आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी माणसांच्या जेवणाला तिखटपणा देणाऱ्या ज्या मोजक्या गोष्टी होत्या, त्यांतली ही एक.

मी अमरावतीत वैद्यकी करते. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतं. साखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची आणि दालचिनी मिळून सितोपलादी होतं. पिंपळीच्याच काढ्याच्या भावना देत ती चौसष्ट प्रहर, म्हणजे आठ दिवस अखंड खलली की चौसष्ट प्रहरी पिंपळी होते. खोकला, दमा, मंदावलेली भूक, अंगात मुरलेला बारीक ताप, यांतलं काही घेऊन रोगी आला की माझा हात आधी पिंपळीच्या बरणीकडे जातो. ही पिंपळी मी अंजनगावच्या एका बारी कुटुंबातल्या काका-काकूंकडून घेते. मळा त्यांचा स्वतःचा, वाळवण त्यांच्या अंगणातलं.

या जानेवारीत माझी भाची टांझानियाहून आली होती. ती नवऱ्याच्या नोकरीमुळे दार-ए-सलामला राहते. तिथून बोटीने झांजिबारला जाता येतं, आणि झांजिबारला गेलेला माणूस मसाल्याची बाग बघितल्याशिवाय सहसा परतत नाही. भाची त्या सहलीबद्दल भरभरून सांगत होती. वाटाड्या बागेतून फिरवतो, पान चुरगाळून हातात देतो आणि ओळखायला सांगतो. लवंग, दालचिनी, जायफळ, वेलची, झाडावर चढलेला मिऱ्याचा वेल. शेंदरीचं बोंड फोडून त्याचा लाल रंग बायकांच्या ओठांना लावतात. मुलं नारळाच्या झावळीचे मुकुट विणून पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवतात. शेवटी भात आणि मसाल्याचा रस्सा.

तिला परतीचं विमान मुंबईहून धरायचं होतं. मी म्हटलं, अमरावतीहून गाडीत बसू नकोस, अकोल्याहून रात्रीची गाडी पकड आणि मधला दिवस मला दे. मळ्यात फोन केला. "या न ताई," पलीकडून उत्तर आलं, "तोडा सुरूच हाये. सकायी लवकर या मात्र, ऊन चढ्याच्या आत."

परतवाड्यापर्यंतची वाट ओळखीची. पुढे अंजनगावकडे वळलं की उजव्या हाताला सातपुडा सोबतीला येतो. पथ्रोटच्या आसपास शेतांचा रंग बदलतो. कपाशीच्या करड्या झालेल्या पऱ्हाट्या मागे पडतात, केळी आणि संत्र्यांच्या बागा सुरू होतात. भाचीने हा फरक लगेच टिपला आणि कारण विचारलं.

कारण जमिनीखाली आहे. मेळघाटातून सापन, चंद्रभागा, शहानूर या नद्या खाली उतरतात. डोंगर संपतो तिथे त्यांनी हजारो वर्षं दगडगोटे आणि वाळू आणून टाकली आहे. पावसाचं पाणी त्या थरांतून मुरतं आणि विहिरींना गोडं पाणी लागतं. तीच जमीन दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात उतरली की पाणी खारट होत जातं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला तो खारपाणपट्टा. तिथल्या कित्येक गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि शहानूरच्या धरणाचं पाणी नळाने दूरवरच्या गावांना न्यावं लागतं. वर डोंगर, खाली खारं पाणी, आणि मधे ही गोड्या पाण्याची चिंचोळी पट्टी. वऱ्हाडात पानपिंपरीला या पट्टीबाहेर जगता येत नाही. भाची म्हणाली, "म्हणजे हेही बेटच की मावशी." मला ते पटलं.

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते तहामुळे. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला मराठ्यांचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो इथे. गावात बारी समाजाची मोठी वस्ती आहे, आणि या समाजाचं श्रद्धास्थान असलेल्या संत रूपलाल महाराजांचं स्थानही इथेच आहे. विड्याच्या पानांचा मळा हा बारी लोकांचा पिढीजात व्यवसाय. नागवेल त्यांचं दैवत, म्हणून नागपंचमीचा सण त्यांच्याकडे विशेष मोठा. पानमळा सांभाळणाऱ्या या हातांनीच पानपिंपरीही सांभाळली.

काका मळ्याच्या तोंडाशी उभेच होते. गाडी थांबताच म्हणाले, "चपला इथंच काढा ताई. तूबी काढ पोरी. मयात पायतान चालत नाई."

भाचीने विचारलं, देव म्हणून का?

"आमचा बाप देव मनून काढे, आजाबी देव मनून काढे. आमी देव मनूनबी काढतो अन् रोग मनूनबी काढतो. दुसऱ्याच्या वावरातली माती चपलेले लागून आली का तिच्यासंगं मर येते. एक वेल गेला का सरीच्या सरी जाते."

आत पाऊल टाकलं आणि हवा बदलली. बाहेर जानेवारीचं कोरडं, लख्ख ऊन, आत हिरवट उजेड आणि तळव्यांना गार लागणारी भुसभुशीत माती. चारी बाजूंनी शेवरीची दाट ओळ. तिच्यामुळे वारा आत शिरत नाही आणि आतली ओल बाहेर जात नाही. मधे ठरावीक अंतरावर शेवरी आणि पांगारा. त्यांच्या फांद्या छाटून सावली हवी तेवढीच ठेवलेली. फार सावली झाली तर वेलाला फळ धरत नाही, ऊन फार लागलं तर पान करपतं. किती फांदी कधी छाटायची याचा हिशोब कुठल्या पुस्तकात नाही. काका वर बघतात, जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे बघतात आणि कोयता उचलतात.

सरीच्या वरंब्यावर लावलेले वेल आधाराला बांधून चढवलेले होते. बांधायलाही बेताची पकड लागते. गाठ घट्ट बसली तर कोवळं खोड कापलं जातं, सैल राहिली तर वारं आल्यावर वेल खाली येतो. काकूंनी एक वेल सोडून परत बांधून दाखवला. तो त्यांनी इतक्या झटकन बांधला की भाचीला पुन्हा करून दाखवायला सांगावं लागलं.

पान हृदयाच्या आकाराचं, विड्याच्या पानासारखंच, पण लहान आणि पातळ. भाचीने ते हातात घेऊन निरखलं आणि म्हणाली, "झांजिबारला मिऱ्याचा वेल दाखवला होता, त्याचीही पानं अशीच होती." तिची नजर बरोबर होती. विड्याचं पान, काळी मिरी आणि पिंपळी ही एकाच कुळातली भावंडं. मिरीच्या वेलाला सुट्या मण्यांचे घोस येतात. पिंपळीचे बारीक मणी एकमेकांत घट्ट रुतून त्यांचं एकच लांबट कणीस होतं, कच्च्या तुतीसारखं. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, आणि औषधाला लागतं ते मादी वेलाचं आखूड, जाडसर कणीस. म्हणून लागवड बियांपासून होत नाही. चांगल्या धरणाऱ्या मादी वेलाचे दोन-चार पेरांचे तुकडे घ्यायचे आणि ते रुजवायचे. आज काकांच्या मळ्यात असलेला वेल हा त्यांच्या आजोबांच्या वेलाचाच, पेरापेराने पुढे आलेला.

तोडा चालू होता. बायका कमरेला ओटी बांधून एकेका वेलाशी थांबत होत्या. एका वेलावरची सगळी कणसं एकदम तयार होत नाहीत. काही अजून हिरवी, काही गडद, एखादं पिकायला लागलेलं. गडद हिरवं, काळपट छटेचं आणि दाबलं तर टणक लागणारं कणीस तोडायचं. पिकू दिलं तर मऊ पडतं आणि तिखटपणा जातो. लवकर तोडलं तर वाळल्यावर हाती काही उरत नाही. त्यामुळे त्याच वेलाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. यंत्राने हे होणार नाही. एक म्हातारी आजी दोन बोटांत कणीस धरून नखाने देठ मोडत होती. तिने न बघता तोडलेल्या कणसांत मी एकही कच्चं शोधू शकले नाही.

काकांनी ताजं कणीस भाचीला दिलं. "चावून पाय."

तिने चावलं. आधी तोंडात गोडसर, हिरवी चव आली, थोड्या वेळाने जिभेच्या टोकाशी झणझण सुरू झाली आणि तोंडात पाणी सुटलं. मग काकूंनी घरातून गेल्या वर्षीची वाळलेली पिंपळी आणली. त्या एका तुकड्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सांगितलं की या दोन चवींमधला फरक चरकसंहितेत लिहून ठेवला आहे. ओली पिंपळी मधुर, जड आणि कफ वाढवणारी. वाळलेली पिंपळी तिखट, उष्ण आणि कफ-वात कमी करणारी. फळ एकच, पण चार दिवसांच्या उन्हाने त्याचा गुण उलटतो. हे लिहिणाऱ्याने दोन्ही जिभेवर ठेवून पाहिल्या असणार. ग्रंथात वाचलेलं वाक्य मळ्यात उभं राहून तोंडाने वाचायला मिळावं, यासाठी मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलामुलींना इथे आणावं असं मला तेव्हाच वाटलं.

चरकाने पिंपळीचं कौतुक केलं तसा धाकही घालून दिला आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी अतिरेकाने सेवन करू नयेत, असं विमानस्थानात स्पष्ट सांगितलं आहे. आणि जिथे भरपूर द्यायची तिथे तिचा क्रम बांधून दिला आहे. वर्धमान पिप्पली रसायनात पहिल्या दिवशी दहा, दुसऱ्या दिवशी वीस, असं दहाव्या दिवशी शंभरपर्यंत चढायचं आणि तसंच रोज दहाने उतरायचं. एकूण हजार पिंपळ्या होतात. आज कुणी घरच्या घरी हा प्रयोग करू नये, वैद्यानेही रोग्याचं बळ बघूनच मात्रा ठरवावी. पण एका वनस्पतीचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसांबद्दल मनात आदर दाटतो. गेल्या शतकाच्या सत्तरीत जम्मूच्या प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांनी त्रिकटूचाच धागा धरून दाखवलं की मिरी-पिंपळीतलं पायपरिन दुसऱ्या औषधांचं शरीरातलं शोषण वाढवतं. एवढ्या औषधांत त्रिकटू का घातलेलं असतं, या प्रश्नाचं एक उत्तर त्यातून मिळालं.

मळ्याच्या कडेला विहिरीजवळ जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी, भाजलेल्या वांग्यांचं भरीत, मिरचीचा ठेचा, ताक. काकूंनी भाचीच्या ताटात भरीत वाढता वाढता विचारलं, "तिकडे तुमच्याकडे लवंगाचे मोठे मये असतीन न?"

मग भाचीने त्यांना झांजिबारची गोष्ट सांगितली. लवंग तिथली नव्हे. ती मूळची इंडोनेशियातल्या मलुकू बेटांची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोपं झांजिबारला पोचली. ओमानचे सुलतान सय्यद सैद यांनी ती बेटभर लावायला लावली आणि १८४० च्या सुमारास आपली गादीच मस्कतहून तिथे हलवली. काही वर्षांत ते बेट लवंगेची सगळ्यात मोठी पेठ बनलं. व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यांत कच्छ-गुजरातचे व्यापारी होते. आणि लवंग तोडायला आफ्रिकेच्या आतल्या भागातून धरून आणलेली गुलाम माणसं होती. गुलामांचा तिथला बाजार १८७३ ला बंद झाला. वाटाड्याने बाग दाखवताना हेही लपवलं नव्हतं, असं भाची म्हणाली.

काकू काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग आपलं बरं म्हनाचं. थोडं हाये, पन आपल्या हातचं हाये."

त्यांच्या या बोलण्यावरून मी त्यांना पिंपळीचा जुना प्रवास सांगितला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नावाड्याने हिंदी महासागराच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, त्याला पेरिप्लस म्हणतात. त्यात भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत पिंपळी आहे. याच भडोचला पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून उतरत असे. त्याच शतकात रोमच्या प्लिनीने बाजारभाव नोंदवले. पौंडाला काळी मिरी चार दिनार, पांढरी मिरी सात दिनार आणि पिंपळी पंधरा. रोमच्या श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात ती मिरीच्याही वर होती. पुढे समुद्रमार्गे मिरी स्वस्तात आणि मुबलक जाऊ लागली, त्यानंतर अमेरिकेतून मिरची आली आणि जगाच्या ताटातून पिंपळी उठली. हिंदुस्थानात ती औषधाच्या बरणीत टिकली, आणि निहारीसारख्या काही पदार्थांत.

काका म्हणाले, "पंधरा दिनार. आता तो भाव सांगा न आमच्या व्यापाऱ्याले."

दुपारी त्यांनी घरामागचं वाळवण दाखवलं. स्वच्छ सारवलेल्या जागेवर ताडपत्र्या, त्यांवर पातळ थर. रोज उलथापालथ करायची, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं. चार-पाच दिवसांत कणीस राखाडी-काळं, टणक होतं आणि हातात खुळखुळतं. दहा किलो ओल्या मालातून दीड किलोच्या आसपास सुका माल निघतो. एवढ्या बोटांनी, एवढ्या फेऱ्यांत तोडलेल्या मालाचं वजन असं डोळ्यांदेखत उतरताना बघितलं की किलोमागच्या भावाचा अर्थ निराळा लागतो. कोपऱ्यात जुन्या वेलांची मुळं आणि जाड खोडं तुकडे करून वाळत घातली होती. तेच पिंपळमूळ. बाळंतिणीच्या औषधात आणि अंगदुखीवर जे गंठोडा म्हणून घेतो ते हेच.

मी तिथेच भाचीला दोन जातींचा फरक दाखवला. माझ्याकडे नमुन्याला मोठी पिंपळी होती. बाजारात लहान आणि मोठी अशा दोन पिंपळ्या मिळतात. मोठी आहे ती इंडोनेशियाच्या बाजूची, वेगळ्या जातीच्या वेलाची. दिसायला भरदार, भावाला परवडणारी. जाणकार वैद्य लहान पिंपळीच मागतो. पण खूप मोठ्या प्रमाणावर चूर्ण करायचं असेल तर कणसाचा आकार कोण बघणार? दूरच्या बेटावरून आलेल्या त्या पिंपळीशी अंजनगावच्या मळेवाल्याची रोज स्पर्धा आहे, आणि चूर्णाच्या डबीवर कोणती पिंपळी वापरली ते सहसा लिहिलेलं नसतं. मला वाटतं ते लिहिलं जावं. रोग्याच्या हितासाठीही आणि मळेवाल्याच्या हितासाठीही.

काकांच्या अडचणी विचारल्या तेव्हा ते एकेक बोट मोडत गेले. उन्हाळ्यात पाण्याची पाळी एक दिवस चुकली तरी वेल मान टाकतो, आणि विहिरीला पाणी असून वीज नसली तर काय करणार? जानेवारीत सातपुड्याची थंडी फार उतरली तर पान काळं पडतं. वाळवणाच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला की तोडलेल्या मालाला बुरशी धरते. पावसाळ्यात सरीत पाणी तुंबलं तर मूळ कुजतं. लागवडीचा, आधाराचा, बांधणीचा, तोड्याचा खर्च कपाशीच्या कितीतरी पट, आणि तो आधीच करून बसावं लागतं.

"कपाशीले विमा, सोयाबीनले विमा," ते म्हणाले. "गारपीट झाली का साहेब येतेत, कपाशी पायतेत. मयाच्या तोंडाशी येऊन इचारतेत, हे काय हाये? आता हे काय हाये तेच ज्याले ठाऊक नाई, तो लुसकान काय लिहीन?"

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, थकवा होता. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. सून म्हणते परत यावं, पण मुलाला मळ्याचा भरवसा वाटत नाही. काका स्वतः त्याला बोलवत नाहीत. "मी सांगन अन् पोरगं यीन," ते म्हणाले, "अन् एका रात्री गारा पडल्या तं त्याले काय तोंड दाखवू?"

अंजनगावच्या मळ्यात जे आहे ते नुसतं पीक नाही, हे मला त्या वेळी फार तीव्रतेने जाणवलं. शेवरी किती छाटायची, गाठ किती आवळायची, कणीस कोणत्या रंगावर तोडायचं, हे ज्ञान कुठे लिहिलेलं नाही. एक पिढी मळ्यात उतरली नाही तर ते संपेल. वेलाचं बेणं दुसरीकडून आणता येईल, पण ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तो वेल जगवणारी नजर आणता येणार नाही. पिंपळी केरळातही होते, नारळीच्या सावलीत. तिथे हवा तिला सांभाळते. वऱ्हाडात तिला माणूस सांभाळतो.

निघताना भाचीने काकांच्या हातात पैसे ठेवायचा प्रयत्न केला. त्यांनी हात मागे घेतला. पाहुण्यांकडून कसले पैसे? मग ती त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "काका, झांजिबारला मी बाग बघायचे पैसे दिले होते. तो वाटाड्या शेतकऱ्याचाच मुलगा होता. त्याने घेतले, मीही आनंदाने दिले. तिथे लवंगेचा भाव पडला तरी बाग दाखवण्याचे पैसे येत राहतात. तुम्ही आज मला सकाळपासून जेवढं शिकवलंत तेवढं तिथे कुणी शिकवलं नाही. हे तुमच्या विद्येचे आहेत."

काका विचारात पडले. मग त्यांनी जी शंका काढली ती खऱ्या शेतकऱ्याची होती. "मोठी बस भरून मानसं आनली तं? मयात गर्दी झाली का सरी तुडवली जाते. अन् पन्नास जनाच्या पायाला कुठली कुठली माती."

त्याचा रस्ताही त्यांनीच सुचवला. एका वेळी आठ-दहा माणसं. तोड्याच्या दिवसांत, म्हणजे हिवाळ्यातच. मळ्याच्या तोंडाशी हौद, तिथे पाय धुवायचे आणि अनवाणी आत यायचं. वेलाला हात लावायचा तो काकूंनी सांगितल्यावर. जेवण घरचं. आणि घरी नेण्यासाठी वाळलेली पिंपळी मळेवाल्याच्या भावाने. गोव्यात फोंड्याच्या बाजूला मसाल्याच्या बागा असेच पाहुणे घेतात आणि त्यावर कुटुंबं चालतात. आपल्याकडे तर बघायला त्याहून अधिक आहे. सकाळी पानपिंपरी, दुपारी वर चिखलदऱ्याची कॉफी किंवा गाविलगड, आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान.

आम्ही अकोटच्या रस्त्याने निघालो. उजव्या हाताला नरनाळ्याचा डोंगर दिसत होता. अकोट सोडून दक्षिणेला वळलो तशी केळी विरळ झाली, पुन्हा कपाशी आणि हरभरा सुरू झाला. गांधीग्रामला पूर्णा ओलांडताना आम्ही खारपाणपट्ट्याच्या मधोमध होतो. सकाळी पाहिलेलं ते हिरवं, ओलं जग इथून तासाभराच्या अंतरावर आहे, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. भाची टिपणं काढत होती. दार-ए-सलामला मराठी मंडळींच्या बैठकीत ती हे सगळं सांगणार होती. तिथले लोक सुट्टीत गावी येतात तेव्हा त्यांनी एक दिवस अंजनगावसाठी ठेवावा, अशी तिची इच्छा.

माझं काम मी तिला गाडीत बसवण्याआधीच ठरवलं होतं. पुढच्या हिवाळ्यात माझ्याकडे शिकणाऱ्या वैद्य मुलामुलींची पहिली तुकडी काकांच्या मळ्यात जाईल. आठ जणच. त्यांनी ओली पिंपळी चावायची, वाळलेली चावायची, तोड्याला बायकांबरोबर दोन तास उभं राहायचं आणि मगच चरकाचं ते वाक्य पाठ करायचं. दिवसाचं मानधन काका-काकूंना आधी द्यायचं, दोघांना सारखं. अमरावती-अकोल्यातल्या माझ्या वैद्य मित्रमैत्रिणींना मी हेच सांगते आहे. वर्षाला लागणारी पिंपळी या पट्ट्यातल्या मळेवाल्यांकडून थेट घ्या आणि हंगामाच्या आधी भाव बांधून द्या. विमा मिळवून देणं आपल्या हातात नाही, पण आपण मागणी करू शकतो. वऱ्हाडात पानपिंपरी पिकते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते दुसऱ्याला दाखवावं. काकांच्या मुलाने पुण्याहून परत यायचं की नाही हे तोच ठरवेल. पण ठरवताना मळ्याच्या बाजूने मांडायला त्याच्याकडे काहीतरी असलं पाहिजे, आणि ते देणं आपल्याला सहज जमण्यासारखं आहे.